त्र्यंबकरावांचे स्थिर हात

कलकत्त्याच्या चाळीस वर्षांच्या वास्तव्यात मी सरकारी कचेऱ्यांना, ट्रामवाल्यांना, नगरपालिकेला आणि वर्तमानपत्रांच्या संपादकांना किती पत्रे लिहिली याची मोजदाद मजजवळ नाही. त्यांतील एकही शब्द मागे घ्यावा असे मला आजवर वाटलेले नाही. अपवाद एकाच पत्राचा. ते मी त्र्यंबक घाटे या गृहस्थांना लिहिले होते आणि त्यातील प्रत्येक ओळीची मला आजही लाज वाटते.

नवी राज्यघटना अमलात येऊन फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची ही गोष्ट. दक्षिण कलकत्त्यातील आम्हा मराठी कुटुंबांच्या गणेशोत्सव समितीचा मी त्या वर्षी चिटणीस होतो. घाटे हे तिथे पूर्वी नियमाने येत. मधली तीन वर्षे ते दिसले नव्हते. त्या वर्षी पत्नीसह पुन्हा आले आणि पाचही दिवस त्यांनी जे वर्तन केले ते मी डोळ्यांनी पाहिले. पत्रात मी त्यांच्यावर तीन कलमे ठेवली. एक, सर्व पुरुषमंडळी धोतर नेसून आली असता आपण विजार घालून, तीही घोट्याच्या वर दुमडून, आरतीस उभे राहिलात. दोन, मंत्रपुष्पाच्या वेळी सर्वांचे डोळे मिटलेले असता आपण डोळे टक्क उघडे ठेवून देवाकडे न पाहता स्वतःच्या पायांकडे पाहत होतात. तीन, आरतीच्या शेवटी सर्वजण जागच्या जागी प्रदक्षिणा घालत असता आपण खांबाला धरून तसेच उभे होतात. या वर्तनाचा खुलासा आठ दिवसांत करावा, अन्यथा आपले सभासदत्व रद्द करण्याचा विचार समितीस करावा लागेल.

खुलासा घेऊन ते स्वतःच आले. मी भवानीपुरात दुसऱ्या मजल्यावर राहत असे. जिन्यावर पावले वाजत होती, पण चढणाऱ्या माणसाची नेहमीची लय त्यांत नव्हती. एक पाऊल, मग थांबणे, मग दुसरे. दार उघडून पाहिले तर साधारण पन्नाशीचे, उंच, निकोप दिसणारे गृहस्थ मान खाली घालून प्रत्येक पायरीकडे आणि आपल्या बुटाकडे आळीपाळीने पाहत वर येत होते. बूट पांढरेशुभ्र होते. खुर्चीवर बसण्यापूर्वी त्यांनी खुर्चीकडे पाहिले, गुडघ्यांकडे पाहिले, बसले आणि मग माझ्याकडे पाहून हसले.

"आपल्या आरोपपत्रातली तिन्ही कलमं मान्य आहेत," ते म्हणाले. "शिक्षा देण्यापूर्वी आरोपीचे चार शब्द ऐकायची पद्धत आहे ना तुमच्यात?"

"बोला," मी म्हणालो. मी सॉलिसिटरांच्या पेढीत हेडक्लार्क होतो आणि कोणालाही ऐकून न घेता दोषी ठरवणे हे माझ्या मते जगातील सर्वांत नीच कृत्य होते. तेच मी नुकतेच केले होते, याची कल्पना मला तोवर नव्हती.

"मला पाय नाहीत," ते म्हणाले. "म्हणजे आहेत, आपण बघताच आहात. पण मला ते बघितल्याशिवाय नसतात. धोतर नेसलं की निऱ्यांखाली दिसेनासे होतात. डोळे मिटले की जातात. गिरकी घेतली की नजर फिरते आणि ते मागे कुठेतरी राहतात. हातांचंही तसंच, कोपरापर्यंत. माझ्याजवळ जेवढं दिसतं तेवढंच माझं."

मी म्हणालो, "याला पुरावा काय?"

"पुरावा म्हणजे मी इथे उभं राहून डोळे मिटायचे आणि धाडकन पडायचं. मग खालच्या मजल्यावरचे तुम्हाला तक्रारीचं पत्र लिहितील. चालेल?"

त्या दिवसापासून त्यांनी माझे नाव 'कायदेपंडित' ठेवले आणि मला कोणी ठेवलेले नाव मी आयुष्यात प्रथमच निमूट सहन केले.

त्र्यंबकरावांचा जन्म कलकत्त्यातला, शिक्षण इथलेच. मराठी घरचे आणि बंगाली बाहेरचे, पण दोन्ही सारख्याच ऐटीत बोलत. खिदिरपूरच्या गोदीत परदेशी मालाची तपासणी करणाऱ्या एका सरकारी कचेरीत ते कापडाचे परीक्षक होते. गठ्ठा फोडला की कापडाचे टोक अंगठा आणि तर्जनी यांच्यात धरायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे: अस्सल रेशीम की नकली, सुतात भेसळ किती. त्यांचे जुने सोबती सांगत की घाटेबाबूंनी डोळे मिटले की व्यापाऱ्यांचे धाबे दणाणत असे. तोच हा माणूस. आठवडाभर ताप आला, उतरला, आणि उतरताना बोटांतला स्पर्श आणि सांध्यांतली जाण घेऊन गेला. ताकद मात्र पुरती राहिली. पहिल्या दिवशी ते अंथरुणातून उठायला गेले आणि एखादे ओले धोतर दोरीवरून घसरावे तसे जमिनीवर आले.

पुढील दोन वर्षांत ते जे शिकले ते तुम्हीआम्ही पाळण्यात असताना शिकलो आणि विसरलो. पोटाकडे पाहून बसायला शिकले. घास तोंडाशी नेताना घासाकडे पाहायचे आणि तोंड जवळ आले की ते तिथेच आहे असे गृहीत धरायचे. पेला किती घट्ट धरला आहे हे कळत नसे, म्हणून त्यांनी युक्ती काढली होती: नखांकडे पाहायचे. नखे पांढरी पडली की पकड सैल करायची, गुलाबी झाली की पुरे. मातीच्या कुल्हडातला चहा ते रस्त्यावर उभे राहून पीत आणि कुल्हड फुटत नसे. याचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा मी कोणाला पदवीचा असलेला पाहिला नाही. सर्दीला मात्र ते शत्रू मानत. शिंक येताना डोळे मिटतात आणि ते मिटू नयेत म्हणून माणूस कितीही शपथ घेवो, मिटतातच. नाक हुळहुळू लागले की ते जे हाती लागेल ते पाहून धरून ठेवत. एकदा त्यांनी ट्रामच्या कंडक्टरला धरले होते.

सकाळी जाग आली की हजेरी घ्यायचा त्यांचा नेम होता. अंथरुणात पडल्यापडल्या एकेक अवयव शोधून काढायचा आणि मोठ्याने पुकारायचा. शेजारच्या खोलीत चहा टाकणाऱ्या मालतीबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, उत्तर देत.

"उजवा हात?"

"हजर असेल. उशीखाली बघा."

"आहे. डावा?"

"तुमच्या छातीवर असेल की. काल त्याला चोर म्हणालात."

हे मला मालतीबाईंनी त्यांच्यासमोर सांगितले तेव्हा ते म्हणाले, "अगं, पण अनोळखी हात छातीवर ठेवून झोपलाय हे पाहून सज्जन माणूस दुसरं काय म्हणणार?"

या अवस्थेचा उलगडा मला डॉक्टर लाहिरींनी केला. हे तरुण बंगाली डॉक्टर त्र्यंबकरावांना तपासत आणि त्यांच्यावर मनापासून लोभ ठेवत. ते म्हणाले, "मेंदू कवटीत बंद असतो. त्याने स्वतःचा हात कधी पाहिलेला नसतो. कातडीला काय लागलं, सांधा किती वाकला, स्नायू किती ताणला, याच्या बातम्या त्याला सतत येत असतात आणि त्यांवरून तो शरीराचं चित्र काढतो. ते चित्र म्हणजेच तुम्ही ज्याला 'मी' म्हणता ते. घाटेबाबूंच्या त्या बातम्या बंद पडल्या. टोचणं आणि ऊन-गार मात्र निराळ्या वाटेनं जातात. ती वाट शाबूत आहे. बाकीचं चित्र ते आता डोळ्यांनी काढतात." मग त्यांनी पिशवीतून पोलादी नादकाटा काढला, टेबलावर आपटून त्याची थरथर माझ्या मनगटाच्या हाडावर टेकवली. मला ती कोपरापर्यंत जाणवली. तोच काटा त्यांनी त्र्यंबकरावांच्या मनगटावर टेकवला. "काय वाटतं?" "गार वाटतं," त्र्यंबकराव म्हणाले.

आता अन्यायाकडे येतो.

दोन वर्षांनी चालता येऊ लागले, पण बोटांना कापड कळेना, तेव्हा हा मनुष्य काठी टेकत कचेरीत गेला आणि आपण होऊन वरिष्ठांना म्हणाला की माझ्या हातून आता परीक्षा होणार नाही, दुसरे काम द्या. वरिष्ठांनी त्यांना वैद्यकीय मंडळापुढे धाडले. मंडळाने त्यांची मूठ दाबून पाहिली: मजबूत. पाय रेटून पाहिले: मजबूत. टाचणी टोचली: ते "आई गं" म्हणाले. एवढ्या तपासणीवर मंडळाने लिहिले की या इसमास कोणताही रोग नसून काम टाळण्यासाठी तो ढोंग करीत आहे. त्या शेऱ्यावरून त्यांना नोकरीतून काढण्यात आले. तुमचे म्हणणे काय, असे कोणीही त्यांना विचारले नाही. ढोंग हा शब्द त्यांच्या सेवापुस्तकात कायम झाला.

मी हे ऐकले तेव्हा माझ्या हातातील पेन्सिल मोडली. दोन साक्षीदारांपैकी एकाची साक्ष घ्यायची आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभे ठेवून निकाल द्यायचा, हा प्रकार खेड्यातील पंचांनीही केला नसता. टाचणीने साक्ष दिली. स्पर्शाला कोणी बोलावलेच नाही. आणि हे सर्व अशा देशात, ज्याने सरकारी नोकराला ऐकून घेतल्याशिवाय काढू नये असे नुकतेच आपल्या घटनेत लिहून ठेवले होते.

त्र्यंबकरावांना काय हवे होते ते त्यांनी मला एका वाक्यात सांगितले. "नोकरी मिळाली तर हवीच आहे. पण आधी तो शब्द खोडला पाहिजे. मी सकाळी उठून हातपाय गोळा करतो ना, त्यात तो शब्दही रोज सापडतो."

मी पत्रे लिहिली. पहिल्या चारांना पोच नव्हती. पाचव्यास उत्तर आले की पत्र योग्य त्या विभागाकडे पाठवले आहे. सहाव्यात मी त्या विभागाचे नाव विचारले. अकराव्यात मी घटनेतील तरतूद उद्धृत केली, नादकाट्याने तपासणी करण्याची मागणी केली आणि ती का नाकारली जात आहे याची कारणे लेखी मागितली. लेखी कारणे या दोन शब्दांपुढे भलेभले नमतात. फेरतपासणीची तारीख मिळाली.

आणि तेव्हा मला प्रथमच भीती वाटली. तीन वर्षांत त्र्यंबकराव इतके उत्तम चालायला शिकले होते की त्यांना पाहून कोणीही म्हणाला असता, हा तर धडधाकट आहे. त्यांनी आपल्या कष्टाने जे जे कमावले होते ते ते त्यांच्या विरुद्ध पुरावा झाले होते. मी त्यांच्या घरी जाऊन स्पष्ट सांगितले, "मंडळापुढे उभे राहून डोळे मिटा. पडा. दुसरा उपाय नाही."

त्र्यंबकराव काही बोलण्यापूर्वी मालतीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. त्या सहसा आमच्या बोलण्यात पडत नसत.

"पडायचं असेल तर घरी पडा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "घरी मी उचलते. त्या लोकांच्या फरशीवर नाही पडायचं."

"अगं, पण कायदेपंडित म्हणतात..."

"भाऊजींना काय, ते पत्र लिहितील. दोन वर्षं तुमच्या काखेत हात घालून मी तुम्हाला या ओसरीवर चालवलं. ते त्यांना दाखवायला मोडायचं?"

त्र्यंबकरावांनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिले. मग म्हणाले, "नाही पडणार. पडून सिद्ध झालं तर ते मी आजारी आहे एवढंच सिद्ध होईल. मी खोटा नाही, हे कसं होणार?"

मला हा युक्तिवाद मान्य नव्हता. मी लाहिरींकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "पडायची गरजच नाही. त्यांना बसू द्या. हात पुढे धरायला सांगा आणि डोळे मिटायला सांगा. मग थोडं थांबा. त्यांना आधी काही सांगू नका." मी कारण विचारले. ते म्हणाले, "तुम्ही बघालच."

तपासणीच्या खोलीत मंडळाचे तिघे होते. अध्यक्ष लष्करातून निवृत्त झालेले शल्यवैद्य, बोलण्यात तुटक. मला 'अर्जदाराचे स्नेही' म्हणून भिंतीशी बसण्याची परवानगी होती आणि तोंड उघडण्याची नव्हती. ही अट लिहिणाऱ्याने माझी पत्रे वाचलेली असावीत. लाहिरी माझ्या शेजारी होते. मालतीबाई बाहेरच्या बाकावर थांबल्या.

त्र्यंबकराव दारातून आले. मान खाली, पांढरे बूट, पावले मोजून टाकलेली पण सरळ. खुर्चीपाशी आले, बसले, समोरच्या कागदावर सही केली. सही सुंदर होती. तो क्षण मला असह्य झाला.

अध्यक्ष म्हणाले, "आपण चालत आलात. बसलात. सही केलीत. तक्रार काय आहे?"

"हे सगळं मी बघून केलं, साहेब."

"आम्ही सगळेच बघून करतो."

त्यांच्यातील एक सदस्य हसला. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो. लाहिरी उठले आणि नम्रपणे म्हणाले की नादकाट्यापूर्वी एक साधी तपासणी व्हावी, अर्जदाराला डोळे मिटून हात पुढे धरायला सांगावे. अध्यक्षांनी घड्याळ पाहिले आणि होकार दिला.

"हात पुढे धरा. बोटं पसरा. डोळे मिटा. आणि हात अगदी स्थिर ठेवा," अध्यक्ष म्हणाले.

त्र्यंबकरावांनी हातांकडे पाहून ते पुढे धरले. बोटे सारखी केली. मग डोळे मिटले.

काही क्षण काही घडले नाही. मग डाव्या हाताची करंगळी सावकाश वर गेली. तिच्यामागून शेजारचे बोट खाली आले. मग उजवा हात हलकेच एका बाजूला सरकला आणि दोन्ही हातांची बोटे, कोणी पाण्यात हात बुडवून ठेवले असावेत तशी, आपापल्या मर्जीने वरखाली होऊ लागली. त्यांत घाई नव्हती. कंप नव्हता. मालक घरात नसताना घरातली माणसे जशी सैलपणे वावरतात, तसा तो वावर होता.

"मी हात स्थिर ठेवायला सांगितलं," अध्यक्ष म्हणाले.

"स्थिरच आहेत, साहेब," त्र्यंबकराव म्हणाले.

ते ज्या आवाजात म्हणाले तो मला अजून ऐकू येतो. त्या आवाजात शंकेचा लवलेश नव्हता. आपल्या घराचा पत्ता सांगावा तसे ते बोलले. उजवा हात तोवर खांद्याच्या उंचीवर गेला होता.

मघा हसलेला सदस्य पुढे वाकून पाहत होता. खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असावे लागते, एवढे समजण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. अध्यक्ष उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि त्यांनी तो वर गेलेला हात आपल्या हातांत घेऊन हळूच मांडीवर आणून ठेवला. ते कळल्याचे कोणतेही चिन्ह त्र्यंबकरावांच्या चेहऱ्यावर उमटले नाही.

"डोळे उघडा, मिस्टर घाटे," अध्यक्ष म्हणाले. मग लाहिरींकडे वळून त्यांनी हात पुढे केला. "तो काटा द्या इकडे."

परतताना आम्ही तिघे मैदानाच्या कडेने ट्रामने आलो. त्र्यंबकराव खिडकीशी बसले होते. शेवटी म्हणाले, "कायदेपंडित, खरं सांगा. माझे हात काय करत होते?"

लेखी असते तर मी उत्तर दिले असते.

मालतीबाई म्हणाल्या, "पेटी वाजवत होते."

त्यांनी पत्नीकडे पाहिले. "तुला कसं ठाऊक? तू तर बाहेर होतीस."

"रोज वाजवतात. तुम्ही झोपायला डोळे मिटलेत की सुरू होतात. मी हातात धरून बसते थोडा वेळ, मग थांबतात."

"रोज?"

"ताप आला तेव्हापासून."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही एवढ्या कष्टानं हजेरी घेता. त्यात गैरहजेरी कशाला सांगायची?"

त्र्यंबकरावांनी आपला हात पाहून उचलला, पाहून तिच्या हातावर ठेवला आणि नखे गुलाबी आहेत याची खात्री करून घेतली. "राग कोणता होता?" त्यांनी विचारले. "तेवढं मला नाही कळत," त्या म्हणाल्या. मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

निकाल महिन्याभराने आला. ढोंग हा शब्द खोडण्यात आला होता, खोडल्याची तारीख आणि सही समासात होती आणि त्र्यंबकरावांना बराकपूरच्या शाखेत दप्तराच्या कामावर घेण्यात आले होते. त्या आदेशात व्याकरणाच्या दोन चुका होत्या. मी त्याबद्दल कोणालाही पत्र लिहिले नाही.

पुढे मी निवृत्त होऊन मुलाकडे नागपूरला जाण्याचे ठरवले. निघण्यापूर्वीच्या आठवड्यात एका स्नेह्याला गाडीवर पोचवण्यासाठी सकाळी सियालदा स्टेशनवर गेलो होतो. त्या दिवसांत स्टेशनाची निम्मी फरशी निर्वासितांच्या संसारांनी भरलेली असे. वळकट्या, चुली, वाळत घातलेल्या साड्या. गाड्यांतून कचेऱ्यांची गर्दी शहरात उतरत होती आणि त्या लोंढ्याच्या उलट दिशेने एक उंच मनुष्य मान खाली घालून बराकपूरच्या गाडीकडे चालला होता. वळकट्यांच्या मधल्या वीतभर वाटेत तो एक पांढरा बूट ठेवी, तो नीट ठेवला आहे असे पाही, मग दुसरा उचली. गर्दी त्याला घासून जात होती. कोणी वळून पाहत नव्हते. पाहिले असते तर त्यांना वाटले असते, याचे काही हरवले आहे आणि हा ते शोधतो आहे.

हाक मारावी असे मला फार वाटले. मी मारली नाही. पायरीकडे पाहून, दांडी पाहून धरून ते डब्यात चढेपर्यंत मी तोंड मिटून उभा राहिलो. ते खिडकीशी बसले, डबा त्यांच्या टोकाला रिकामाच होता, आणि बसल्यावर त्यांनी मान वर केली. मी दिसलो. गाडी हलली. त्यांनी आधी आपल्या हाताकडे पाहिले, तो खिडकीबाहेर पुरता उंच गेल्याची खात्री केली, आणि मग माझ्याकडे पाहून हसले.